ओलं मैदान

घरच्या ग्रुपवर पुन्हा धर्मांतराचा विषय निघाला आणि अलिबागच्या मामांनी निकाल देऊन टाकला: धर्म बदलणारा माणूस एक तर विकलेला असतो, नाही तर फसलेला. खाली अकरा अंगठे. मी इथे न्यू जर्सीत पार्कवेवर ट्रॅफिकमध्ये अडकले होते, मनातल्या मनात उत्तर लिहीत.

मामा, एलियट मॅडॉक्स या बेसबॉलपटूला कोणी विकत घेतलं होतं? १९४७चा जन्म, आमच्याच न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंजचा. कृष्णवर्णीय. मिशिगन विद्यापीठात बेसबॉल खेळता खेळता ज्यूंच्या इतिहासात रमला आणि पुढे रीतसर ज्यू झाला. त्या काळच्या अमेरिकेत काळं असून वर ज्यू व्हायचं, यात फायदा कसला? १९७४ला न्यूयॉर्कच्या यँकीज संघाने बॉबी मर्सरसारख्या लाडक्या खेळाडूला उजवीकडे सरकवून सेंटर फिल्ड, म्हणजे मैदानाच्या मधली मानाची जागा, याला दिली. याने फलंदाजीत .३०३ची दमदार सरासरी काढून ते फेडलं.

मामांना अलिबागच्या इस्रायल आळीतल्या शनिवार तेल्यांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, भारी कौतुक. जन्माने ज्यू चालतात, ठरवून झालेला चालत नाही. मग १९५६ला नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली, ते कोण? हे विचारायची मात्र माझी छाती नाही. दिवाळीला घरी जायचंय.

‘इथे असलं कोणी बोलत नाही’ असं ठणकावणार होते, पण आमच्या मंडळाचा गणपती आठवला. कोणाचा तरी गोरा जावई सोवळं नेसून आरतीला उभा, आणि आम्ही सगळ्या फोटो काढतोय. त्याला कोणी विकलेला म्हणालं नाही. तोच सौदा उलट्या दिशेने झाला असता तर?

मॅडॉक्सचा घात धर्माने नाही, चिखलाने केला. यँकी स्टेडियमचं काम चालू होतं, म्हणून यँकीज शे स्टेडियममध्ये खेळत होते. जून १९७५मध्ये तिथल्या ओल्या मैदानात पाय घसरून गुडघा गेला. १९८०पर्यंत तो खेळला, पण ते १९७४ परत आलं नाही. त्याने दावा लावला. १९८५ला न्यूयॉर्कच्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं, मैदान ओलं आहे हे त्याला दिसत होतं, तरी तो खेळत राहिला, म्हणजे धोका त्यानेच पत्करला.

हे वाचताना दर वेळी मला माझा शपथविधी आठवतो. उजवा हात वर करून परक्या देशांवरची निष्ठा सोडली, म्हणजे एकाच देशावरची. कोणी विकत घेतलं नव्हतं, फसवलंही नव्हतं. मैदान दिसत होतं.

मामांनी तेव्हा ग्रुपवर ‘अभिनंदन’ लिहिलं होतं. सोबत गुलाबाचा गुच्छ.