पवित्र आत्मा बघायचाय? जामखेडला चला

पेंटेकॉस्टचा, म्हणजे प्रभूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाचा, रविवार जवळ आला की आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टरांचा पाऊस पडतो. तीन दिवसांची अभिषेक सभा, मोठा मंडप, परगावचे संदेशक म्हणजे प्रवचनकार, मागे ज्वाळांचं चित्र. जाणाऱ्यांची मी चेष्टा करत नाही. आमच्याच घरातले जातात, पोटभर रडून मोकळे होऊन येतात. पण आजच्या काळात पवित्र आत्मा कुठे काम करताना दिसतो, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: नगरकडचं जामखेड.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती माणसांना ही नावं सांगावी लागत नाहीत. तरुण पोरांना विचारा, यूट्यूबवरच्या परदेशी प्रचारकांची पाच नावं धडाधड सांगतील, आरोळ्यांचं एक नाही. हे डॉक्टर नवरा-बायको, दोघं वेल्लोरच्या सीएमसीत, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. आयुष्य खेड्यातल्या गरिबांत घालवायचं, हे लग्नाच्या वेळीच ठरलेलं. नगरकडच्याच वडाळा मिशनच्या दवाखान्यात काही वर्षं काम केलं, अमेरिकेत पुढचं शिक्षण घेतलं आणि १९७० साली जामखेडला येऊन बसले. कायम दुष्काळी टापू. हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती.

इथवरची गोष्ट त्यागाची आहे आणि त्यागाच्या गोष्टींना आपल्याकडे तोटा नाही. मला त्यांच्यात आत्मा दिसतो तो पुढे. गावोगाव नर्स नेमून बघितल्या, ते काही जमलं नाही. मग गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, बऱ्याच दलित, कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. पोटुशी बाई कशी तपासायची, बाळंतपण कसं करायचं, बाळाचं वजन का करायचं, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, क्षय आणि कुष्ठरोग कसा ओळखायचा, हे सगळं या बायांना शिकवलं. डॉक्टर लोक आपली विद्या मुठीत धरून बसतात. या दोघांनी ती वाटून टाकली, आणि तीही जिच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं तिच्या हातात! पुढच्या दोन-अडीच दशकांत १७६ चा आकडा पंचविसाच्या आसपास आला.

आता जातीचं. शिकायला जामखेडला मुक्कामी येणाऱ्या बाया वेगवेगळ्या जातींच्या. सुरुवातीला एकमेकींपासून चार हात लांब. तर रात्री झोपायला सगळ्यांना मिळून एकच मोठं पांघरूण, जोडून शिवलेलं. थंडी वाजते आहे, पांघरूण एकच आहे. घ्या ओढून, किंवा काढा रात्र कुडकुडत. तीच गोष्ट हातपंपांची. बोअर घेताना जागा मुद्दाम दलित वस्तीत धरली. पाणी पाहिजे ना, मग या तिथे घागर घेऊन. जातीभेदावर मी डझनाने प्रवचनं ऐकली आहेत (आणि आमच्याच मंडळ्यांत लग्नं जुळवताना पूर्वीची जात कशी हळूच विचारली जाते, तेही ऐकलं आहे). त्या पांघरुणाइतकं नेमकं प्रवचन मला अजून भेटलेलं नाही.

याच बायांपैकी एक मुक्ताबाई पोळ. अमेरिकेत वॉशिंग्टनला आरोग्याच्या मोठ्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात झगमगती झुंबरं. त्या म्हणाल्या ते साधारण असं: डॉक्टर या झुंबरांसारखे असतात, देखणे, पण महाग आणि हाताला न लागणारे. मग त्यांनी पिशवीतून वातीचे दोन दिवे काढले, एकावरून दुसरा लावला आणि सांगितलं, आम्ही या दिव्यांसारख्या, एकीवरून दुसरी पेटते. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत प्रभूचा शिष्य पेत्र योएल संदेष्ट्याचं वचन सांगतो ना, की देव आपला आत्मा दासींवरही ओतील आणि त्या बोलतील, ते मला वाचताना कधी नीट दिसलं नव्हतं. मुक्ताबाईंमुळे दिसलं.

"हे समाजकार्य झालं हो, यात आत्मा कुठे?" असं आमच्या एका काकांनी मला तोंडावर विचारलंय. त्यातून या बायांपैकी बहुतेकींची नावं कुठल्याच चर्चच्या वहीत नाहीत, हे त्यांचं दुसरं दुखणं. काका, वारा वाटेल तिकडे वाहतो, असं प्रभू येशूने आत्म्याबद्दल बोलताना निकदेम नावाच्या धर्मपुढाऱ्याला रात्री बसवून सांगितलं होतं. आपली वही बघून वाहतो असं नव्हतं सांगितलं.

आरोळ्यांना १९७९ साली मॅगसेसे मिळालं, १९९० साली पद्मभूषण. मेबलबाई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. काम थांबलेलं नाही. जगभरातून डॉक्टर तिथे शिकायला येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या गावातल्या बायाही असतात.

तर पाळकसाहेबांना आणि पंचांना जाहीर विनंती. आपल्या मंडळीत मागच्या बाकावर एक आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्यसेविका, बसतात. कोविडमध्ये लोक दार उघडत नव्हते तेव्हा दारोदार फिरल्या, आणि मानधन थकलं की अजूनही मोर्चाला जावं लागतं. यंदा पेंटेकॉस्टला बाहेरून संदेशक बोलावू नका. साक्षीला त्यांना उभं करा, आणि संदेशकाच्या पाकिटाचे पैसे ठरले असतील तर ते पाकीटही त्यांनाच द्या. पहिले पाचशे माझ्याकडून.