पुट्टी भरलेली गाडी म्हणजे फसवणूक नव्हे: फिरत्या संदेशातील पाच मुद्द्यांना उत्तर

जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्यांना सावध करणारा एक संदेश गेली काही वर्षे या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. त्याचे शब्द दर वेळी थोडे बदलतात, मुद्दे मात्र तेच राहतात. कंपनीतून निघालेल्या गाडीत पुट्टी, म्हणजे पत्र्यावरचे पोचे भरून घासायचा लगदा, नसते. खरा कारागीर हातोडीनेच पत्रा सरळ करतो आणि पुट्टी भरणारा आपले अपुरे काम झाकतो. पुट्टीखाली पत्रा गंजतो आणि दोन पावसाळ्यांत पुट्टी सुटते. म्हणून लोहचुंबक घेऊन जा आणि जिथे तो चिकटणार नाही ती गाडी अपघातातली समजून सोडून द्या. आणि पुट्टी भरावीच लागली तर पाण्याने घासून घ्या, म्हणजे काम गुळगुळीत होते. या प्रत्येक मुद्द्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच हा संदेश इतका टिकला. तरीही त्यावरून ग्राहक जो निष्कर्ष काढतो तो चुकीचा आहे. त्याने निगुतीने काम करणाऱ्या पेंटरवर अन्याय होतो आणि वाईट काम करणारा मात्र सहीसलामत सुटतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला मुद्दा कारखान्याचा. आजची मोटार मोठ्या प्रेसमध्ये दाबलेल्या पत्र्यांची बनते, साचे अचूक असतात आणि रंगाच्या विभागात पोहोचेपर्यंत पत्र्यावर भरण्यासारखा खोलगट भाग सहसा उरत नाही. एवढ्यापुरते संदेशाचे म्हणणे बरोबर आहे. परंतु पृष्ठभाग भरून, घासून आकाराला आणणे हे वाहनबांधणीत मुळात बसतच नाही, अशी जी समजूत त्यातून पसरते तिला इतिहासाचा आधार नाही. पॉलिएस्टर पुट्टी 1950च्या दशकात रुळू लागली. त्यापूर्वी हेच काम शिशाने होत असे. 70 भाग शिसे आणि 30 भाग कथील यांचा मिश्रधातू 183 अंश सेल्सियसला मऊ होऊ लागतो आणि पूर्ण वितळायला त्याला सुमारे 255 अंश लागतात. या दोन तापमानांच्या मधल्या अवस्थेत तो लाकडी थापीने पसरवता येतो. छत आणि मागचा पत्रा जिथे जुळतात तो सांधा मोठमोठे मोटार कारखाने नव्याकोऱ्या गाडीवर याच शिशाने भरून कानशीने सपाट करीत, आणि ही रीत कित्येक दशके चालली. पुढे शिशाची जागा पुट्टीने घेतली, त्यामागे स्वस्ताई होती हे खरे, पण शिशाची धूळ आणि वाफ कामगाराच्या शरीरात जात असे, हेही कारण कमी महत्त्वाचे नव्हते.

होड्या-जहाजांच्या बांधणीत तर हे काम लपवण्याचा प्रश्नच येत नाही. पोलादी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या यॉटचे अंग वेल्डिंगच्या उष्णतेने जागोजागी आकसते आणि आतल्या फासळ्यांच्या रेषा बाहेरून दिसू लागतात. त्यावर इपॉक्सीची हलकी पुट्टी काही मिलिमीटर जाडीने चढवतात, लांब लवचीक फळ्यांनी ती महिनोन्‌महिने घासतात, आणि तेव्हा कुठे ते अंग रंगासाठी तयार होते. कोकण किनाऱ्यावर आता सर्रास दिसणाऱ्या फायबरच्या होड्या ज्या साच्यातून निघतात, तो साचा ज्या मूळ नमुन्यावर घेतात तोही भरून आणि घासूनच घडवलेला असतो. नमुन्यावर राहून गेलेली एखादी लहर त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक होडीवर उतरते.

दुसरा मुद्दा हातोडीचा, आणि तो मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. मोटारीचा बाहेरचा पत्रा साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर जाडीचा असतो. धडक बसली की तो नुसता वाकत नाही, काही ठिकाणी ताणलाही जातो, आणि ताणलेल्या पत्र्याला जुन्या जागेत मावता येत नाही. हातोडी आणि डॉली (पत्र्याच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा) यांच्यामध्ये धरून तो ठोकला की पोचा वर येतो, पण प्रत्येक ठोक्यागणिक पत्रा अधिक कडक होतो आणि थोडा पसरतोही. शेवटचा अर्धा मिलिमीटर हातोडीनेच काढायचा हट्ट धरला तर उरलेले उंचवटे कानशीने कापावे लागतात, म्हणजे मुळातच पातळ असलेला पत्रा आणखी पातळ होतो. ताण उतरवण्यासाठी पत्रा तापवला तर त्याच्या मागच्या बाजूचा गंजरोधक थर जळतो, आणि ती बाजू बहुधा बंद पोकळीत असल्याने तिथे पुन्हा लेप देणे अवघड होऊन बसते. दारांखालचा उंबरा, खांब, मागच्या चाकावरचा पत्रा अशा ठिकाणी तर दुसरा पत्रा मध्ये येतो आणि मागून डॉली लावायला हातच पोहोचत नाही. गारपिटीने आलेले छोटे पोचे, जिथे रंग फुटलेला नाही आणि पत्रा ताणलेला नाही, ते मागून सळईने दाबून पुट्टीशिवाय उत्तम निघतात. तिथे पुट्टीचा आग्रह धरणारा चुकतो. पण ताणलेल्या पत्र्याला आधी शक्य तितके मूळ उंचीवर आणून शेवटचा एक-दोन मिलिमीटर पुट्टीवर सोडणारा डेंटर पत्र्याची जाडी आणि त्याचे कवच दोन्ही राखतो. त्याला कामचुकार म्हणण्याआधी संदेश लिहिणाऱ्याने एकदा पत्र्याच्या मागे पाहायला हवे होते.

अर्थात पुट्टीच्या आड आळस लपवणारेही आहेत, आणि तिसऱ्या मुद्द्याला त्यांनीच खाद्य पुरवले आहे. पोचा मुळीच न ओढता त्यात सेंटिमीटरभर पुट्टी थापली, तर ती तडकणारच. पॉलिएस्टर पुट्टी उन्हात पोलादापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते आणि थंडीत तितकीच आकसते. थर जितका जाड, तितका तिचा पत्र्याशी होणारा झगडा मोठा. म्हणूनच पुट्टी बनवणारे सर्वसाधारणपणे घासून उरणारी जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास ठेवायला सांगतात आणि तीही पातळ थरांनी चढवायला सांगतात. पुट्टी सुटण्याची इतर कारणेही तितकीच साधी आहेत. ती रासायनिक पकडीपेक्षा ओरखड्यांच्या पकडीवर अधिक टिकते, त्यामुळे पत्रा 80 नंबरच्या भरड पॉलिश पेपरने खरवडलेला हवा. जुन्या गुळगुळीत रंगावर लावलेली पुट्टी रंगासकट सोलून निघते. आम्ल असलेल्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) लावली तर आम्ल तिच्या घट्ट होण्यात अडथळा आणते. पुट्टी घट्ट करण्यासाठी तिच्यात कालवायचा हार्डनर साधारण 2 टक्के असावा लागतो: कमी पडला तर पुट्टी आतून मऊ राहते, जास्त झाला तर त्यातला उरलेला पेरॉक्साइड वरच्या रंगात झिरपून पांढऱ्या गाडीवर पिवळसर डाग उमटवतो. दुपारच्या उन्हात पुट्टी लवकर आवळते म्हणून हार्डनर अंदाजाने कमी घालायचा, हा जो प्रघात पडला आहे तो सोडायला हवा. सावलीत, थोडी थोडी पुट्टी कालवणे हाच त्यावरचा उपाय आहे.

गंजाविषयी तर संदेशाने कार्यकारणाची उलटापालट केली आहे. पुट्टी स्वतः गंज निर्माण करीत नाही. गंज लागतो तो तिच्याखाली आधीच राहिलेल्या गंजामुळे, मागच्या बाजूने येणाऱ्या ओलाव्यामुळे, किंवा पुट्टी लावून गाडी रंगाविना दिवसेंदिवस उघडी ठेवल्यामुळे. पत्र्याला आरपार भोक पडलेले असताना जाळी ठेवून वर पुट्टी ओढली, तर ओलावा मागून येतच राहतो आणि वर्षभरात रंगावर फोड दिसू लागतात. त्या भोकाला नव्या पत्र्याचा तुकडा वेल्ड करणे हेच उत्तर आहे. समुद्रकाठच्या गावांतील गाड्यांमध्ये ही फसवणूक सर्रास आढळते, आणि तिच्याबद्दल सावध करणारा संदेश कुणी लिहिला असता तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

लोहचुंबकाचा मुद्दा थोडक्यात उरकता येईल. प्लास्टिकच्या बंपरला, अ‍ॅल्युमिनियमच्या बॉनेटला आणि फायबरला चुंबक चिकटत नाही. एसटीच्या बसची बांधणी दीर्घकाळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांची होती, आणि या कसोटीने ती प्रत्येक बस अपघातातली ठरली असती. उलट मिलिमीटरभर पुट्टीच्या आडूनही चांगला चुंबक पोलादाला धरतोच. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र यापेक्षा पुष्कळ उपयोगी पडते. कारखान्यातील रंगाचे सगळे थर मिळून साधारणपणे 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. आकडा 300च्या आसपास असेल तर तो भाग बहुधा पुन्हा रंगवलेला असतो आणि 1000च्या पुढे गेला की खाली पुट्टी असण्याची शक्यता मोठी. मात्र तेही यंत्र जाडीच सांगते. पार्किंगमध्ये दुचाकी घासून गेली होती की समोरून ट्रक आदळला होता, हे त्यावरून कळत नाही. अपघाताची खूण शोधायची तर बॉनेट उघडून चाकांवरचे आतले पत्रे म्हणजे अ‍ॅप्रन, खांबांच्या मुळाशी असलेले स्पॉट वेल्ड आणि सांध्यांवरचे कारखान्यातील सीलंट तपासावे. दाराच्या मधोमध असलेली दोन मिलिमीटर पुट्टी गाडीच्या सांगाड्याविषयी काहीही सांगत नाही.

उरला पाण्याने घासण्याचा सल्ला, आणि तो सरळसरळ हानिकारक आहे. पॉलिएस्टर पुट्टीत शंखजिऱ्याची म्हणजे टाल्कची भुकटी मोठ्या प्रमाणात असते आणि उघडी पुट्टी पाणी शोषून घेते. ते पाणी वरून सुकल्यासारखे वाटले तरी आत राहते, आणि प्रायमर व रंग चढले की बाहेर पडायची वाट शोधत फोड आणते किंवा पत्र्यापर्यंत पोहोचते. संदेशातला गंज खरोखर घडवून आणायचा असेल तर हाच त्याचा खात्रीचा मार्ग आहे. याच कारणाने मोटारीची पुट्टी होडीच्या पाण्याखालच्या भागात वापरू नये; तिथे इपॉक्सीच लागते. वॉटर पेपरची जागा पुढच्या टप्प्यावर आहे, प्रायमर सर्फेसर (पुट्टीवरचा, रंगाआधीचा अस्तर थर) चढून तो पुरता वाळल्यानंतर.

गुळगुळीतपणाचा संबंध पाण्याशी जोडल्यामुळे घासकामाचे खरे तंत्र नजरेआड होते. पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागणे आणि तो सपाट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेपर बोटांखाली धरून घासला तर बोटांच्या दाबाने सऱ्या पडतात, पुट्टीचा मऊ भाग जास्त कापला जातो आणि कडेचा कडक पत्रा उंच राहतो. हाताला सारे मऊ लागते, पण रंगावर चकाकी आली की त्यात पडलेले विजेच्या दिव्याचे प्रतिबिंब वाकडे दिसते. म्हणून पेपर ब्लॉकवर लावतात, आणि ब्लॉक खड्ड्यापेक्षा लांब घेतात, म्हणजे तो दोन्ही बाजूंच्या शाबूत पृष्ठभागावर टेकतो आणि फक्त उंचवटेच कापतो. तिरके, एकमेकांना छेदणारे फटकारे मारतात. 80 नंबरने आकार आणला की 120 किंवा 180 आणि मग 240 (नंबर वाढतो तसा पेपर बारीक होतो); मधला नंबर गाळला तर 80च्या खोल चरा सर्फेसरखाली दडतात आणि तो पुरता आकसला की काही आठवड्यांनी वर उमटतात. ‘पुट्टी दिसायला लागली’ अशी तक्रार घेऊन ग्राहक येतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला या चराच दिसत असतात. सर्फेसरवर काळ्या रंगाची हलकी फवारणी करून ब्लॉकने घासले की खोलगट जागी काळे ठिपके उरतात आणि उंच जागी खालचा पत्रा उघडा पडतो. डोळा आणि तळहात या दोघांनाही जे कळत नाही ते या काळ्या धुक्याने कळते. अनेक ठिकाणी हा टप्पाच गाळला जातो, कारण गाडी उद्या संध्याकाळी हवी असते.

कोरड्या घासकामात धूळ उडते ही पाण्याच्या बाजूने केली जाणारी एकच तक्रार मला मान्य आहे, आणि ती गंभीर आहे. ती धूळ कामगाराच्या छातीत जाते. रुमाल बांधल्याने ती अडत नाही. धूळ ओढून घेणारे घासयंत्र आणि नीट बसणारा मास्क हवा, आणि ग्राहकाने दरात घासाघीस करताना या दोन्हींचा खर्च त्याच दरातून निघतो हे ध्यानात ठेवावे. चुंबक घेऊन जाण्यापेक्षा काम देतानाच दोन छायाचित्रे मागून घ्यावीत: एक पोचा ओढून पत्रा उघडा केल्यावरचे, पुट्टी लागण्याआधीचे, दुसरे काळी फवारणी घासून गेल्यानंतरचे. ज्याचे काम नीट आहे तो पेंटर ही दोन्ही छायाचित्रे आनंदाने काढून देतो.