साहित्यातल्या संशोधनाला पुरावा लागत नाही म्हणे

एक पोस्ट परत फिरतेय, साहित्याच्या प्राध्यापकांचं संशोधन म्हणजे नुसती मतं, त्यात पुरावा नसतो, कोणी चूक ठरत नाही आणि त्याने कुणाचं काही अडत नाही. तिन्ही मुद्दे साफ चुकीचे आहेत. न्यूयॉर्कच्या पेस युनिव्हर्सिटीतल्या जीन फेगन येलिन यांचं एकच काम बघा.

१८६१ मध्ये बॉस्टनला हॅरिएट जेकब्स या गुलाम बाईचं आत्मचरित्र निघालं, टोपणनावाने, संपादक लिडिया मारिया चाइल्ड ही नावाजलेली गोरी लेखिका. मालक मागे लागलेला म्हणून ही बाई आजीच्या घराच्या माळ्यावर जवळपास ७ वर्षं लपून राहते, जागा ९ फूट बाय ७ फूट, उंची जास्तीत जास्त ३ फूट. पुढे अभ्यासकांनी ठरवूनच टाकलं की हे चाइल्डनेच रचलंय. १९७२ मध्ये जॉन ब्लासिंगेमसारख्या मोठ्या इतिहासकारानेही ते विश्वासार्ह मानलं नाही.

आता पुरावा. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला एमी पोस्ट या गुलामगिरीविरोधी कार्यकर्तीच्या कागदपत्रांत जेकब्सची पत्रं आहेत, पुस्तक लिहिताना मैत्रिणीला लिहिलेली, येलिननी ती पुस्तकाशी ताडून बघितली. मग नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडन्टनची, म्हणजे जेकब्सच्या गावची, माणसं एकेक करून ओळखली, पुस्तकात तिच्या मागे लागलेला डॉक्टर मालक म्हणजे जेम्स नॉरकॉम. याच नॉरकॉमची १८३५ ची जाहिरात आहे, हॅरिएट पळाली, पकडून देणाऱ्याला १०० डॉलर, आणि त्यात तो स्वतःच सांगतो की ती सहज आणि अस्खलित बोलते!

कोणी चूक ठरत नाही? येलिनचा लेख १९८१ चा, जेकब्सच्या नावाने हार्वर्डची आवृत्ती १९८७ ची, त्यानंतर चाइल्डने रचलं हे मत टिकलंच नाही. चाइल्डचा हात कुठे लागला तेही पत्रांतूनच कळतं, गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करणाऱ्या जॉन ब्राउनवरचं शेवटचं प्रकरण तिने गाळायला सांगितलं होतं.

आणि कुणाचं काही अडत नाही हे वाचून तर खरंच राग येतो. गुलाम बाईवर मालक कशी जबरदस्ती करू बघायचा हे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि तीच साक्ष लोकांनी कादंबरी म्हणून बाजूला सारली. जेकब्स १८९७ मध्ये गेली, पुस्तकावर तिचा हक्क सगळ्यांनी मान्य करायला आणखी ९० वर्षं लागली. २००८ मध्ये येलिननी जेकब्स कुटुंबाचे कागद दोन खंडांत छापले, ज्याला अजून शंका आहे त्याने ते उघडून बघावेत.