‘मम’ म्हणणारे संचालक

जुलै उजाडला की नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरी कंपन्यांच्या वार्षिक अहवालांचे ईमेल येऊ लागतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी ते अहवाल वाचतो (घरच्यांच्या मते हे रिकामपणाचे लक्षण आहे) आणि सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी पाचला ई-मतदान बंद होण्यापूर्वी प्रत्येक ठरावावर मत नोंदवतो. या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे. मोठ्या कंपन्यांचे स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेले बाहेरचे संचालक, दुबळे ठरतात ते योग्यता नसते म्हणून नव्हे, तर ज्या प्रवर्तकावर (कंपनीवर ताबा असलेल्या मुख्य भागधारकावर) त्यांनी वचक ठेवायचा त्याच्याच मतांवर ते निवडून येतात म्हणून.

योग्यतेचाच प्रश्न असता तर ‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रकरण घडले नसते. १६ डिसेंबर २००८ रोजी तिच्या संचालक मंडळाने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन ‘मेटास’ कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला घेण्यास एकमताने मंजुरी दिली. सत्यमची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की मेटास होते. याहून उघड नातेसंबंध कोणता असावा? त्या मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, नामांकित व्यवस्थापन संस्थेचे अधिष्ठाता होते, आणि सगळ्यांनी पूजेला बसलेल्या यजमानासारखे ‘मम’ म्हटले. व्यवहार काही तासांत मागे घ्यावा लागला तो गुंतवणूकदारांच्या संतापामुळे. पुढे ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबातील घोटाळ्याची कबुली दिली.

त्यानंतर २०१३ चा कंपनी कायदा आला आणि सूचिबद्ध कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असणे बंधनकारक झाले. संख्या वाढली, पण नेमणुकीची दोरी प्रवर्तकाच्याच हाती राहिली. डिसेंबर २०१६ मध्ये टाटा समूहातील तीन कंपन्यांच्या भागधारकांनी उद्योगपती नुस्ली वाडिया यांना स्वतंत्र संचालकपदावरून दूर केले, आणि ते ठराव मांडण्याची मागणी प्रवर्तक असलेल्या टाटा सन्सनेच केली होती. टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून सायरस मिस्त्री यांना हटवल्याच्या त्या वादात बरोबर कोण होते हा प्रश्न वेगळा. पण तो निकाल पाहिल्यावर अन्य कंपन्यांतील स्वतंत्र संचालक तोंड उघडण्यापूर्वी दहादा विचार करतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

उलट, कायद्याने प्रवर्तकाचा हात जिथे धरून ठेवला आहे तिथे भागधारकांनी ताकद दाखवली आहे. मे २०२४ मध्ये नेस्ले इंडियाने परदेशी मूळ कंपनीला द्यायची रॉयल्टी विक्रीच्या ४.५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर नेण्याचा ठराव मांडला. संबंधित पक्षाचे (इथे मूळ कंपनीचे) मत अशा ठरावाच्या बाजूने धरले जात नसल्यामुळे तो चक्क फेटाळला गेला. संचालक मंडळाने मात्र तोच ठराव शिफारशीसह पुढे पाठवला होता. २०२१ मध्ये आयशर मोटर्समध्ये प्रवर्तक व व्यवस्थापकीय संचालक सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीचा व वेतनवाढीचा विशेष ठराव तीन चतुर्थांश मते न मिळाल्याने पडला. म्युच्युअल फंडांना आता प्रत्येक ठरावावर मत देणे सक्तीचे आहे, त्याचेही वजन अशा वेळी पडते.

म्हणून स्वतंत्र संचालकाच्या निवडीलाही प्रवर्तकाचे मत न धरण्याचा हाच नियम लावावा, असे माझे म्हणणे आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने मार्च २०२१ मध्ये प्रवर्तकेतर भागधारकांच्या वेगळ्या बहुमताचा प्रस्ताव चर्चेसाठी ठेवलाही होता; अखेरीस विशेष ठरावावर बोळवण झाली. जिथे प्रवर्तकाकडेच ७५ टक्के भाग आहेत, तिथे विशेष ठराव त्याला काय अडवणार? कायद्याच्या कलम १५१ मध्ये छोट्या भागधारकांनी निवडलेल्या संचालकाची तरतूद आहे, परंतु तिथे शब्द ‘असू शकेल’ असा आहे.

२०२० पासून सभा ऑनलाइन होऊ लागल्याने प्रश्न विचारण्यासाठी विदर्भ एक्सप्रेसने मुंबई गाठावी लागत नाही. गेल्या वर्षी एका कंपनीच्या सभेत मला दोन मिनिटे मिळाली. एका स्वतंत्र संचालकाचे नाव मुळात कोणी सुचवले, असे मी विचारले. ‘नामनिर्देशन समितीने,’ अध्यक्ष म्हणाले. त्या समितीवरच्या सदस्यांची नावे कोणी सुचवली, हे विचारेपर्यंत माझा माइक बंद करण्यात आला होता.