वर्षाला चौदा मिनिटं

परवा जिल्हास्तरीय शालेय रग्बीतून हरून आलो. सतरा वर्षांखालील मुली, पहिलाच सामना, ५-१२. पहाटे सहाची एसटी पकडली होती. साडेअकराला मैदानात उतरलो आणि बारा वाजायच्या आत बाहेर. परतीची गाडी चारला. मधल्या वेळात मुलींनी डबे खाल्ले, दुसऱ्यांचे सामने पाहिले, पाणी संपलं म्हणून टाकी शोधत फिरल्या. येताना खिडकीला डोकं टेकून बसलेल्या एकीनं विचारलं, "मॅडम, आता पुढची मॅच कधी?"

"पुढच्या वर्षी," मी म्हटलं.

ती दहावीत आहे. आमची शाळा दहावीपर्यंतच.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून लिहून टाकते. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेंडू हातात धरून पळायचं, समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, त्याचे पाच गुण; मग किक बसली तर आणखी दोन. आम्ही खेळतो तो सातजणींचा रग्बी, सेव्हन्स. सात-सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटं दम खायला. म्हणजे अख्खा सामना चौदा मिनिटांचा. आणि स्पर्धा असते बाद पद्धतीची. सोळा संघ आले तर त्यातले आठ एकच सामना खेळून घरी जातात. चौदा मिनिटं! त्यासाठी जूनपासून पळायचं, घरच्यांशी वाद घालायचा, कोपरं सोलून घ्यायची. जी शाळा आधीच तयार आहे ती जिंकत जाते, तिला चार सामने मिळतात. जिच्या मुलींना अजून चेंडू धड झेलता येत नाही, तिला एक.

आयोजकांवर माझा राग नाही. दोन दिवसांत मुलं, मुली, सगळे वयोगट, मैदान एकच, आणि चुन्याच्या रेघाही बिचारे स्वतःच मारतात. त्यांना संघ निवडून विभागाला पाठवायचा असतो, तो ते पाठवतात. माझी तक्रार आपल्याबद्दल आहे, शाळांबद्दल, माझ्यासकट सगळ्या क्रीडाशिक्षकांबद्दल. आपण स्पर्धेलाच खेळ समजून बसलोय. पत्र आलं की आठ दिवसांत कबड्डीच्या सात आणि खो-खोच्या पाच पोरी गोळा करायच्या, संघ न्यायचा, प्रमाणपत्रं आणायची. दहावीला सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, हे सगळ्यांच्याच डोक्यात असतं. असू दे. ज्या घरात पोरीच्या शिक्षणाचा हिशोब उसाच्या बिलावर ठरतो, त्या घराला प्रमाणपत्राचा मोह धरू नका असं सांगणारी मी कोण? पण मुलगी त्या कागदासाठी आली तरी एकदा चेंडू काखेत धरून पळाली की तिला अजून पळायचं असतं, आणि त्याची सोय आपण कुठेच केलेली नाही.

मी मूळची कबड्डीची. डाव्या कोपऱ्यावर खेळायचे, घोटा धरला की चढाई करणारी सुटत नसे. रग्बी पहिल्यांदा पाहिला तो शिक्षकांच्या एका शिबिरात, तेव्हा मला वाटलं, आपल्या मुली हे हसत हसत करतील. पकड तर रक्तातच आहे. पहिल्याच सरावात तोंडावर पडले. आमची सगळ्यात भारी पकड करणारी मुलगी, तिनं धावणारीच्या मांड्यांना मिठी मारली, खाली पाडलं, एकदम देखणं. आणि सोडेचना! रग्बीत खाली पाडलं की लगेच सोडावं लागतं, नाहीतर समोरच्या संघाला पेनल्टी. मी बाजूनं ओरडतेय, "सोड, सोड!" ती तशीच घट्ट धरून, मातीत गाल, वर माझ्याकडे बघत म्हणते, "सोडू कशी मॅडम? पकडलंय की!"

कबड्डीत सोडणं म्हणजे पाप. सहा-सात वर्षं आपणच त्यांना शिकवलेलं असतं. ते विसरायला दोन महिने लागले. त्याहून अवघड म्हणजे मागे पास देणं. चेंडू हातानं पुढे टाकायचाच नाही, फक्त मागे किंवा बरोबरीत. पळायचं पुढे, बघायचं पुढे, आणि द्यायचं मागे, जिथे कुणी आहे की नाही तेही नीट दिसत नाही. म्हणून मागून येणारीनं ओरडायचं असतं. आमच्या मुली ओरडतच नव्हत्या. वर्गात, घरात, बसमध्ये हळू बोल, हळू बोल ऐकत वाढलेल्या. पहिले काही दिवस मी चेंडू बाजूलाच ठेवला आणि नुसतं ओरडायला शिकवलं. "डावीकडे!" "मी आहे!" शाळेशेजारच्या आजी बघायला आल्या, काय भांडण लागलंय म्हणून.

मैदानाचं रडगाणं सगळ्यांचंच आहे. आमचं मुरुमाचं. त्यावर टॅकल, म्हणजे धावणारीला धरून खाली पाडणं, शिकवायचा म्हणजे रोज हळद आणि कापूस. शेवटी गावच्या तालमीत जाऊन विचारलं. तिथे मुलींनी पाय ठेवलेला नव्हता. चार दिवस कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. मग वस्ताद म्हणाले, दुपारी तीन ते साडेचार आखाडा मोकळाच असतो. ताक, हळद, लिंबू घालून मळलेली ती लाल माती, त्यात पडलं तर हसूच येतं. वस्ताद दाराशी खुर्ची टाकून पाठ करून बसायचे, मुलींना संकोच नको म्हणून. तिसऱ्या दिवशी मात्र खुर्ची फिरली. थोडा वेळ बघून म्हणाले, "बाई, पोरींना डोकं आत घालू देऊ नका. डोकं मागच्या अंगाला, गाल मांडीला. न्हाईतर मान जाईल."

शिबिरात शिकवलेला टॅकलचा पहिला नियम शब्द न् शब्द हाच होता. रग्बीचा चेंडू वस्तादांनी तोवर हातातही घेतला नव्हता. (नंतर घेतला. "शहाळ्यागत हाय," म्हणाले.)

डोक्यावरून आठवलं, माझी एक चूक इथे कबूल करते. दोन वर्षांपूर्वी सामन्यात एकीचं डोकं दुसरीच्या गुडघ्यावर आपटलं. उठली, म्हणाली मला काय झालं नाही. मी पाणी मारलं आणि परत खेळवलं. आमच्याकडे बदली खेळाडू नव्हती, हे कारण, पण ते कारण नव्हे. येताना एसटीत तिनं एकच प्रश्न तीनदा विचारला, आपण जिंकलो का म्हणून. माझ्या पोटात गोळा आला. दवाखान्यात नेलं, सुदैवानं निभावलं. नियम अगदी साधा आहे, जगभर एकच: डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मुलगी बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, आणि पुढे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सराव नाही. सहाच जणी उरल्या तर सहा खेळतील. ज्यांना आठ दिवसांत संघ उभा करायचाय त्यांनी निदान एवढं एक पाठ करा.

पालक विचारतात, लागलं तर? लागतं. खोटं कशाला बोलू. पण टॅकल न शिकवता उतरवलेल्या मुलीला जास्त लागतं, आणि शिकायला सामने हवेत, आणि सामने वर्षाला चौदा मिनिटं. फिरून गाडी तिथेच येते.

"इंग्रजांचा खेळ कशाला?" असंही ऐकलंय. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी खेळतात, तो कलकत्त्याच्या रग्बी क्लबनं १८७८ मध्ये बंद होताना बँकेतले चांदीचे रुपये वितळवून केलाय. कानांच्या जागी नाग आणि झाकणावर हत्ती. आपल्याच रुपयांचा चषक, त्यांना खेळू द्यायचा आणि आपण बघायचं होय?

आता आम्ही काय केलं ते सांगते. गेल्या वर्षी पावसाळ्यात आसपासच्या चार शाळांचे आम्ही चौघं शिक्षक बोललो. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते. दर शनिवारी एका शाळेच्या मैदानावर जमायचं. सात मिनिटांचा एकच डाव, प्रत्येक संघानं बाकी तिघांशी खेळायचं. चषक नाही, पाहुणे नाहीत, नारळ नाही, भाषण नाही. कुणाच्या पाचच आल्या तर दुसऱ्या शाळेच्या दोघी उसन्या. ज्या संघाचा डाव नाही त्यातली एक पंच. (पंच झालेल्या मुली नंतर माझ्याशी वाद घालत नाहीत, हा वरचा फायदा.) सहावी-सातवीच्या मुलींना अंगाला भिडायचंच नाही, कमरेला दोन पट्ट्या, पट्टी ओढली की थांबायचं. टॅग रग्बी म्हणतात त्याला. विकतच्या पट्ट्या परवडेनात, म्हणून जुन्या ओढण्या फाडल्या.

एका शनिवारी प्रत्येक मुलगी एकवीस मिनिटं खेळते. म्हणजे जिल्ह्याच्या दीड स्पर्धा एका दुपारीत! सहा शनिवार झाले. पहिल्या शनिवारी आमच्या आठ मुली होत्या, सहाव्याला एकोणीस. त्यातल्या अकरा कधी कुठल्याच शाळेच्या संघात नव्हत्या.

एक गोष्ट त्यात लक्षात आली. "रग्बीत सगळ्या अंगलटीच्या मुलींना जागा असते" असं आपण ठोकून देतो. ते पंधराजणींच्या खेळाला खरं आहे, जिथे स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ वाकून एकमेकींना भिडतात तेव्हा, प्रत्येक बाजूनं आठ जणी रेटतात. सेव्हन्समध्ये मैदान तेवढंच आणि मुली निम्म्याहून कमी, तिथे वेगाचंच राज्य. आमच्यातली एक धिप्पाड मुलगी, तिच्या अंगावरून कुणी जाऊ शकत नाही, पण सेव्हन्समध्ये ती बाजूनं सुटणाऱ्यांच्या मागे धावून रडकुंडीला यायची. म्हणून शनिवारचा शेवटचा डाव आम्ही दहा-दहा जणींचा, अर्ध्या मैदानावर ठेवतो. त्या डावात ती राणी असते. स्पर्धेच्या नियमांत हे बसत नाही, पण शनिवार आमचा आहे.

मोठ्या जगात काय चाललंय ते मुलींना माझ्याआधी कळतं, मोबाइल आहेत. पॅरिस ऑलिंपिकमधला अमेरिकेचा कांस्यपदकाचा सामना त्यांना तोंडपाठ आहे. ऑस्ट्रेलियाकडे १२-७ अशी आघाडी, वेळ संपत आलेली, आणि अ‍ॅलेक्स सेड्रिक आपल्या रेषेजवळून सुटते ती जवळजवळ अख्खं मैदान पळून चेंडू टेकवते, मग स्वतःच किक मारून १४-१२ करते. गेल्या सप्टेंबरात, २०२५ मध्ये, इंग्लंडला महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी पाहायला ८१,८८५ लोक आले होते, हेही त्यांनीच मला दाखवलं. त्याच वर्षी जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघ, सगळे पुरुषांचे. "आपली कधी, मॅडम?" मला उत्तर देता आलं नाही.

पण मला मोठ्या लीगपेक्षा दुसऱ्याच दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. न्यूझीलंडनं रिओ ऑलिंपिकसाठी २०१२ पासून दुसऱ्या खेळांतल्या मुली हेरल्या. पोर्शिया वुडमन नेटबॉलची खेळाडू होती. रिओत त्यांचं रौप्य, टोकियो आणि पॅरिसला सुवर्ण. म्हणजे कबड्डी-खो-खोच्या मुली आणायला लाजायचं कारण नाही. फक्त आणल्यावर त्यांना खेळवत राहायचं. दुसरी ओडिशा. भुवनेश्वरच्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेतून, 'किस'मधून, भारतीय संघाला किती मुली मिळाल्या बघा. २०१९ मध्ये भारताच्या मुलींनी पंधराजणींच्या खेळात पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामना जिंकला, सिंगापूरविरुद्ध २१-१९, तेव्हा शेवटची पेनल्टी मारणारी सुमित्रा नायक तिथलीच. लोक म्हणतात, त्या मुली मुळातच काटक. काटक आमच्याही आहेत, रोज दोन हंडे घेऊन चढ चढतात. फरक असा की निवासी शाळेत संध्याकाळी पाचला समोर उभं राहायला दुसरा संघ तयार असतो. आपल्याला तो शेजारच्या गावातून आणावा लागतो. आपल्याकडची वाट अगदीच नवी नाही. २०१८ मध्ये भारताचा पहिला पंधराजणींचा संघ उतरला तेव्हा कर्णधार पुण्याच्या वाहबिझ भरुचा होत्या. पण पुण्यातला क्लब आमच्या वाडीच्या मुलीला चंद्राइतकाच लांब.

अडचणी आहेतच. बऱ्याच शाळांत मुलींबरोबर जायला शिक्षिका नसते, म्हणून संघच निघत नाही. एका पालकांनी चड्डी घालून खेळायला नकार दिला; मी म्हटलं खाली लेगिंग घालू दे, पंचांनाही चाललं. पाळीच्या दिवसांत कुणी यायचं टाळायची, आता माझ्या पिशवीत पॅड असतात आणि ते कुठल्या कप्प्यात आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. कानातले, पैंजण, बांगड्या उतरवून ठेवायला स्टीलचा एक डबा केलाय. सामना संपला की डब्याभोवती जी झुंबड उडते, तिच्यात मात्र पकड कुणीच सोडत नाही.

तर, या शनिवारपासून पुन्हा सुरू करतोय. खिडकीशी बसलेली ती दहावीची मुलगीही येणार आहे. तिच्या आईनं फेब्रुवारीपर्यंत परवानगी दिलीय, क्लास बुडाला नाही तर. आमच्या पट्ट्यातल्या कुठल्या शाळेला यायचं असेल तर सरळ या. सात मुली नसल्या तरी चालेल, तीन आणा. चौदा वर्षांखालच्यांसाठी चार नंबरचा चेंडू एकच आहे आमच्याकडे, कुणाकडे असला तर घेऊन या. आणि हवा भरायच्या पंपाची सुई मागच्या वेळी मोडली, तीही.