जिनना दिवा घरमा काबर लावा?

मागच्या रविवारी भाच्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांती होती, जळगावला. जेवणं झाली, पाहुणे पांगले, बायका आतमध्ये आहेराच्या साड्या बघत बसल्या आणि आमचे आण्णा हॉलमधे खुर्चीवर बसून बराच वेळ वरतीच बघत होते. डायनिंग टेबलाच्या डोक्यावर पाच काळे दिवे लटकवलेत, लोखंडी जाळीचे, आत पिवळा बल्ब, त्याच्यातली तार दिसते तसला. आण्णांनी नातवाला जवळ बोलावलं आणि विचारलं, "जिनना दिवा घरमा काबर लावा रे भो?"

सगळे हसले. भाचा पण हसला, म्हणला आजोबा याला इंडस्ट्रियल लूक म्हणतात. आण्णा मात्र मस्करी करत नव्हते. त्यांची सगळी नोकरी जिनिंगवर (कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना, आम्ही त्याला जिन म्हणतो) गेली, धरणगावकडे, फिटर होते. त्यांना खरंच प्रश्न पडला होता की जो दिवा हंगामात बारा-बारा तास डोक्यावर बघितला तो पोरानं पैसे देऊन जेवायच्या जागी का टांगला.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे म्हणून लिहितोय. माझं चोपड्याला इलेक्ट्रिकचं दुकान आहे, या स्टाइलचे दिवे मी पण विकतो, त्यामुळे माझ्याच धंद्याच्या विरोधात लिहितोय असं वाटलं तर वाटू द्या.

आधी जिनमधली गोष्ट सांगतो. जिनमधे कापसाचा बारीक भुरा सतत हवेत तरंगत असतो, नाकात जातो, भुवयांवर बसतो, संध्याकाळी घरी आलेला माणूस म्हाताऱ्यासारखा दिसतो. तो भुरा गरम बल्बवर बसून राहिला तर पेटू शकतो, आणि जिनमधली आग म्हणजे काय ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. म्हणून बल्बवर जाड काच. आणि रुईच्या गाठी हलवताना काही लागून ती काच फुटू नये म्हणून काचेवर जाळी. मशीनवर जे मोठं पत्र्याचं शेड असायचं ते आतून पांढरं इनॅमल केलेलं, कारण उजेड वर छताला जाऊन वाया जायला नको, खाली हातावर पडला पाहिजे. म्हणजे त्या दिव्यातली एकूण एक गोष्ट कामासाठी होती, शोभेचं त्यात काहीच नव्हतं, आणि मला वाटतं म्हणूनच तो आजही दिसायला चांगला दिसतो.

आता भाच्याच्या दिव्याकडे बघा. जाळी आहे पण आत काचच नाही. मग जाळी सांभाळते कोणाला? उलट उघड्या जाळीत आपल्याकडची मार्च ते जूनची धूळ जाऊन बसते, काळा मॅट रंग धूळ लपवतो असं सांगतात ते साफ खोटं आहे, काळ्यावर तर जास्त दिसते. आणि ती पुसायची म्हणजे एकेका गजात फडकं घालायचं, टेबलावर उभं राहून. हे काम कोण करणार आहे ते भाचेसुनेला आत्ताच कळलंय.

ही फॅशन आली कुठून तर न्यूयॉर्कच्या सोहो भागात कारखाने बंद पडून मोठमोठे मजले रिकामे झाले, आणि साधारण 1960 च्या आसपास गरीब चित्रकार-शिल्पकार तिथं कमी भाड्यात राहायला लागले. पंधरा फूट उंच छत, उघड्या विटा, उघडे पाइप, कारखान्याचे दिवे तसेच टांगलेले. त्यांनी ते लावले नव्हते, ते काढायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. आपण मात्र आधी पीओपी करतो, गुळगुळीत पुट्टी मारतो आणि मग त्याच्यावर गंजलेल्या रंगाचा दिवा विकत आणून लावतो.

आणि तो तार दिसणारा बल्ब! त्याला एडिसन बल्ब म्हणतात. 1879 मधे एडिसनचा जो बल्ब नीट चालला त्यातली तार म्हणजे कापसाचा शिवायचा दोरा होता, जाळून कोळसा केलेला, नंतर त्याने बांबू वापरला. हे आण्णांना सांगितलं तर ते जाम खुश झाले, म्हणाले म्हणजे बल्बमधे पण आपला कापूसच. (आपला म्हणजे खानदेशचा नाही आण्णा, पण असू दे.)

पण या बल्बशी माझं वेगळंच भांडण आहे. आमच्या पिढीनं हा लाल बल्ब फुकटात बघितलाय. रब्बीत सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम चालू झाल्या की गावात व्होल्टेज जायचं आणि घरातला साठचा बल्ब निखाऱ्यासारखा व्हायचा, आतली तार मोजता यायची, नागिणीसारखी. त्या उजेडात मॅट्रिकचा अभ्यास केलाय भो आम्ही, पुस्तक नाकाला लावून. व्होल्टेज आलं की सगळी गल्ली "आलीऽऽ" म्हणून ओरडायची. आता तोच लाल उजेड लोकं ऑनलाइन मागवतात आणि बिल वर.

बिलाचं पण ऐका. भाच्याने खरे तारेचेच बल्ब मागवलेत, चाळीस वॅटचे पाच. म्हणजे 200 वॅट. रोज पाच तास लावले तर रोजचं एक युनिट, महिन्याचे 30 युनिट नुसते जेवायच्या टेबलाचे. आणि तारेच्या बल्बमधे गेलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णताच होते, उजेड नावापुरता. या शोभेच्या बल्बमधे तर तार मुद्दाम कमी तापवलेली असते म्हणून साध्या चाळीसच्या बल्बएवढा पण उजेड नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो आणि हा माणूस डोक्यावर पाच छोट्या शेगड्या टांगून शेवभाजी खाणार. तसाच दिसणारा एलईडी फिलामेंट बल्ब मिळतो चार वॅटचा, पाचचे मिळून वीस वॅट, 30 युनिटचे 3 युनिट होतात. मी दुसऱ्याच दिवशी पिशवीत घालून घेऊन गेलो. गेलो तर होल्डर आट्यांचे (बल्ब फिरवून बसवायचे), आणि मी आपल्या सवयीने पिनवाले नेलेले. परत चोपड्याला. असो.

पण परत गेलो ते बरंच झालं. बल्ब बदलायला खोलले, सहज टेस्टर लावला तर पाचपैकी दोन होल्डरमधे आट्यांनाच फेज, म्हणजे करंटची तार! आट्याच्या होल्डरला फेज मधल्या टोकाला द्यायची असते आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना, कारण बल्ब फिरवताना बोट आट्यालाच लागतं. पिनवाल्या होल्डरची सवय असलेले आपले वायरमन हे बघतच नाहीत. वरची वाटी उतरवली तर आत हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, कापून, टेप मारून कोंबून ठेवलेली. म्हणजे दिवा लोखंडाचा, शेड लोखंडाची, जाळी लोखंडाची आणि अर्थिंगच नाही. इंटिरिअरवाल्याला फोन केला तर म्हणे, काका दिवा वर आहे, कोण हात लावतंय. अरे बाबा, दिवाळीच्या साफसफाईला ओलं फडकं घेऊन जी बाई चढणार आहे ती लावतेय की हात! कोणाचं नाव घेत नाही, पण तुमच्या घरी असले दिवे लावले असतील तर वरची वाटी एकदा उघडून बघा, मेन बंद करून.

मग काय हे दिवे घरात लावायचेच नाहीत का? तर नाही, उलट. माझं म्हणणं एवढंच आहे की जिनमधे तो दिवा जे काम करत होता ते काम घरात जिथं आहे तिथं लावा. दिसतो छान म्हणून हॉलच्या मधोमध नको.

आता हॉलचं म्हणाल तर आपल्याकडे हॉलच्या मधोमध पंखा असतो. असणारच, पंख्याशिवाय खानदेशात घर नाही. फ्लॅटची उंची साडेनऊ फूट. पंखा खाली आला की त्याच्या वर दिवा ठेवला तर पात्यांची सावली भिंतीवर गरगर फिरते, डोकं दुखतं, आणि खाली बाजूला लटकवला तर दिवा झोके घेतो. त्यात खिडकीला कूलर. परदेशातल्या फोटोत पंखा दिसतो का कधी? नाही ना. मोठ्या शेडचा दिवा सगळा उजेड खाली टाकतो, छत काळोखात राहतं आणि साडेनऊ फुटाची खोली आठ फुटाची वाटायला लागते. हॉलमधे हौस असेलच तर कोपऱ्यात, भिंतीवर, वाकड्या दांडीचा एक लावा आणि छतावर उजेड फेकणारं दुसरं काहीतरी असू द्या.

डायनिंगला चालतो, पण टेबलाच्या वर अडीच ते तीन फुटावर, समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. आणि पाच कशाला, चार माणसांच्या टेबलाला एक मोठं शेड बस होतं.

किचनला मात्र हा दिवा राजा आहे. ओट्यावर (आपला स्वयंपाकाचा ओटा, दारापुढचा नाही, त्याचं पुढे सांगतो) पांढऱ्या आतल्या रंगाचं शेड लावलं की उजेड थेट विळीवर, परातीवर. फक्त तो लाल बल्ब तिथं नको. आमच्या आईची परीक्षा आहे, कुठलाही दिवा आणला की ती सुपात कळण्याचं धान्य घेऊन त्याखाली बसते. ज्वारीत काळे उडीद असतातच, त्यातून काळा खडा वेगळा दिसला तर दिवा पास. डब्यावर 2200 केल्विन (उजेडाच्या रंगाचा आकडा, कमी तितका पिवळा) लिहिलेला पिवळाजर्द बल्ब पहिल्या मुठीतच नापास झाला, आई म्हणे खडा आणि उडीद एकाच आईची लेकरं दिसताहेत. 6500 चा पांढराफेक बल्ब पास झाला पण त्यात वांग्याचं भरीत सिमेंटसारखं दिसतं. 4000 चा घेतला, सीआरआय नव्वदच्या वरचा बघून, तेव्हा माय खुश. सीआरआय म्हणजे वस्तूचे रंग उन्हात दिसतात तसे किती दिसतील त्याचा आकडा, डब्यावर बारीक अक्षरात असतो, नसेल तर दुकानदाराला विचारा. मला विचारलं तर चालेल.

बेडरूमला जाळीबिळी काही नको, झोपायची खोली आहे.

आता मला जिथं हा प्रकार मनापासून आवडला ते सांगतो. आमचं जुनं धाब्याचं घर आहे गावाला. दोन-दोन फूट जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, सागाच्या कड्या, वर पांढऱ्या मातीचं धाबं. त्यात लाकडी पट्टीची वायरिंग होती, ती वाळवीने खाल्ली. नवीन वायरिंग आतून करायची तर मातीच्या भिंतीला झिरी मारावी लागते, आणि एकदा मारली की नुसती झिरी राहत नाही, हातभर भिंतच खाली येते. तेव्हा आमच्या गावच्या वायरमननं सुचवलं की उघडा लोखंडी पाइपच फिरवू, कडीच्या खालून, क्लँप मारून. आणि बाप्पा काय दिसलं ते! काळा पाइप, जुनं साग, शेणानं सारवलेली भिंत. अर्थिंगची वायर पण नीट पाइपातून नेली. ही स्टाइल जन्मली तशीच, हौसेनं नाही तर नाइलाजानं. फ्लॅटमधे जे सोंग वाटतं ते तिथं गरजेतून आलं.

शेड पण विकत नाही आणलं. जुनं लोखंडी घमेलं होतं, घराच्या कामातलं, बूड अजून मजबूत. त्याला मधोमध भोक पाडलं, आतून पांढरा ऑइलपेंट दोन हात, बाहेरून आहे तसं, सिमेंटचे दोन डाग सुद्धा राहू दिले. पिनवाला होल्डर, नऊ वॅटचा साधा एलईडी, घमेल्याला नटबोल्टने अर्थिंग. सगळं मिळून चारशेच्या आत. तसंच दिसणारं शेड माझ्याच दुकानात अठराशेला आहे, हे लिहिताना जरा जड जातंय.

आणि दारापुढच्या ओट्यावर खरा जिनचा दिवा, काच आणि जाळी दोन्ही असलेला, त्याला दुकानात बल्कहेड म्हणतात. पहिल्या पावसानंतर पंखवाले किडे येतात ना ढिगाने, उघड्या बल्बवर तडतड आपटून खालच्या ताटात पडणारे, ते काचेमुळे तापलेल्या बल्बपर्यंत पोचत नाहीत. त्यात पिवळसर एलईडी टाकला, पांढऱ्यापेक्षा त्याच्यावर किडे कमी येतात. पाल मात्र जाळीवर येऊन बसतेच, तिला उपाय सापडलेला नाही.

जाता जाता एक. आण्णांना वाटतं की खानदेशचा आणि बल्बचा संबंध फक्त जिनपुरता. मी त्यांना सांगितलं की विप्रो ही कंपनी 1945 मधे आपल्या अमळनेरला वनस्पती तुपाची म्हणून सुरू झाली आणि आज माझ्या दुकानात त्याच नावाचे बल्ब आहेत. आण्णा म्हणाले, तूप होतं तेव्हा बरं होतं, आता नुसता उजेडच.

भाच्याने पाचपैकी तीन दिवे उतरवलेत. दोन ठेवलेत, एलईडी टाकून, अर्थिंग जोडून. उरलेले तीन मला म्हणतो मामा दुकानात ठेव, विक. बिनकाचेच्या जाळीचे दिवे मी काही ठेवत नाही, पण बहिणीला नाही कसं म्हणायचं, आणलेत.

घमेल्याचा फोटो खाली टाकलाय. आतला पांढरा रंग एका बाजूने ओघळलाय तो माझ्या हातचा आहे, हसू नका. आणि त्या गावच्या वायरमनचा नंबर इनबॉक्समधे मागू नका, लग्नसराई चालू आहे, तो मांडवाच्या लायटिंगवर आहे, आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) तो मलाच भेटत नाही.