जपानचं गारेगार आणि मंदीचं बिल

२०१६ मध्ये मी टोकियोत, निशी-कासाईला राहत होतो. एप्रिलमध्ये टीव्हीवर एक जाहिरात लागली. गारीगारीकुन नावाची तिथली बर्फाची कांडी (नावासकट आपलं गारेगारच!) २५ वर्षं ६० येनला मिळत होती, ती ७० येन झाली. म्हणून कंपनीची वरिष्ठ मंडळी आणि कामगार रांगेत उभे राहून कमरेत वाकून माफी मागत होते. आपल्याकडे दूध महागतं तेव्हा पिशवीवरचा आकडा बदलतो, विषय संपला.

मी भारावलो. ऑफिसात शेजारी बसणाऱ्याला सांगितलं, "काय देश आहे तुमचा!" तो म्हणाला, "माझा पगारही तेवढाच थांबलाय. त्याची माफी कोणी मागितली नाही."

तो हाकेन, म्हणजे एजन्सीकडून आलेला कंत्राटी. काम माझ्याइतकंच, किंबहुना जास्त, पण ओळखपत्राची दोरी वेगळ्या रंगाची. डिसेंबरात बोनसच्या दिवशी तो जेवायला एकटाच बाहेर जायचा. त्याचा गुन्हा एवढाच की तो २००० साली पदवीधर झाला.

जपानची 'हरवलेली दशकं', म्हणजे १९९० नंतरची लांबलेली मंदी, म्हटलं की आपण आकडे सांगतो. २९ डिसेंबर १९८९ ला निक्केई (तिथला सेन्सेक्स) ३८,९१५ वर, मग बँक ऑफ जपानने व्याजदर ६ टक्क्यांपर्यंत नेला, जमिनीचा आणि शेअरचा फुगा फुटला, कंपन्या वर्षानुवर्षं कर्जंच फेडत बसल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये यामाइची सिक्युरिटीज ही मोठी शेअर दलाल कंपनी बुडाली. हे सगळं खरं. पण बिल कोणाच्या नावाने फाडलं, हे कोणी विचारत नाही.

आयुष्यभराची नोकरी ही तिथली शान. आत बसलेल्याला काढायचं नाही, मग खर्च कापायचा कुठून? नव्या भरतीतून. आणि तिथे मोठ्या कंपन्या प्रामुख्याने कॉलेजातून बाहेर पडणाऱ्यांना एप्रिलमध्ये एकगठ्ठा घेतात. ती गाडी एकदा चुकली की चुकलीच. साधारण १९९३ ते २००५ या बॅचेसना तिथे 'नोकऱ्यांच्या हिमयुगातली पिढी' म्हणतात. २००४ मध्ये कारखान्यांतही हाकेनला परवानगी मिळाली आणि ही पोरं तिकडे वळली. २०१९ मध्ये ताकाराझुका नगरपालिकेने खास या पिढीसाठी तीन जागा काढल्या. अर्ज आले १,८०० च्या वर! पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या माणसांचे.

बाहेरून यातलं काही दिसत नाही. गाड्या सेकंदावर, रस्ते चकाचक, सरकार डोक्यावर देशाच्या जीडीपीच्या दुपटीहून जास्त कर्ज घेऊनही शांत. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला ०.१ टक्क्याने येनचं कर्ज मिळालं तेव्हा आपण मैत्रीचे गोडवे गायले. मैत्री असेलही. पण घरात पैशाला कोणी विचारत नसलं की असा दर परवडतो, हे माझं मत.

म्हणून इथे कोणी म्हणालं की "भाव वाढायलाच नकोत", तर मला ती दोरी आठवते. स्थिर भाव चांगलेच, पण पगारही गोठले आणि दारं आतून बंद झाली, तर त्या स्थैर्यात सुखी फक्त आधीच आत बसलेला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निक्केईने ३४ वर्षांनी जुना उच्चांक मोडला. मी ऑफिसातल्या त्या शेजाऱ्याला अभिनंदनाचा मेसेज टाकला, उगाचच. तो तेव्हा ४६ चा होता, टोकियोशेजारच्या सायतामात आईसोबत राहत होता, अजून हाकेनच. दोन दिवसांनी उत्तर आलं: "शेअर नाहीत माझ्याकडे. गारीगारीकुन मार्चपासून ८० येन."